लांडगीच्या दारावरच्या काट्या

२७ फेब्रुवारी २००४

प्रिय ज्ञानू,

माळावर जन्मलेल्या आपल्यासारख्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे. सरकारी दप्तरात आपल्या माळाची नोंद 'पडीक' अशी आहे. जिथे चिंकारा पाडसांना जन्म देते, जिथे लांडगी बीळ उकरते, जिथे तुझ्या चार पिढ्यांची मेंढरं चरली, ती जमीन पडीक. नदीकाठचा ऊस म्हणजे शेती, आणि आपला माळ म्हणजे रिकामी जागा. न बघता शिक्का मारणाऱ्यांविरुद्ध मी राहू गावापासून शिरूरपर्यंत किती भाषणं केली ते तुला माहीत आहे. निम्म्या भाषणांना तू शेवटच्या ओळीत उकिडवा बसलेला असायचास, आणि परत येताना म्हणायचास, "बापू, चांगलं बोल्लास. पर गवताचं नाव चुकलं."

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. ओळखून तुझ्या मनात पहिली गोष्ट आली असेल ती अशी, की आता ह्या माणसाला आपल्याकडून अजून काय पाहिजे? हा संशय रास्त आहे. पत्र पोस्टाने पाठवत नाही, कारण मधल्या हातांवर माझा विश्वास नाही. तुझा भाचा पप्पू रांजणगावला दुसऱ्या पाळीला जातो, त्याच्याकडे देतोय. त्यानेही पाकीट दोनदा उलटंपालटं केलं. म्हणाला, "आत कोर्टाचं काय न्हाई ना? मामानं फाडलं तर?" मी म्हटलं, फाडलं तर तुकडे परत आण, मी चिकटवून पुन्हा पाठवीन. हसला नाही. तुमच्या घरातलं कुणीच माझ्यासमोर हसत नाही आता.

आपलं 'माळमित्र' मंडळ सुरू झालं ते वाचनालयात, सत्त्याण्णव साली. मी ग्रंथपाल, चार पेपर आणि दोन हजार पुस्तकं वाचून तापलेला. आम्ही बारा जणांनी शपथ घेतली की माळाचं अभयारण्य झाल्याशिवाय थांबायचं नाही. उन्हाळ्याआधी आम्ही गवताचे पट्टे कापून काढले, म्हणजे वणवा लागला तर पुढे जाऊ नये. सिमेंटच्या दोन बशा बांधल्या आणि बैलगाडीने पिंपं नेऊन त्यात पाणी भरलं. पुण्याहून कॉलेजची मुलं यायची, गळ्यात दुर्बिणी. तुझं नाव आमच्या यादीत नव्हतं. मी म्हटलं होतं, सभासद हो. तू म्हणालास, "मला कशाला वही? मी हितंच असतो." त्या मुलांना लेंडीवरून चिंकारा आणि शेळी वेगळी करायला तू शिकवलंस, आणि बातमीत फोटो माझा आला. त्याचं तुला काही वाटलं नाही, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात ओढ्याच्या काठाला लांडगीचं बीळ सापडलं. तुला ते आधीच ठाऊक असणार, पण तू बोलला नव्हतास, आणि माझ्या मनातली पहिली खोच तीच. ज्याला माळावरचा दगडन् दगड माहीत, तो हे का लपवतो? आम्ही रोज निरीक्षण सुरू केलं. बिळापासून पन्नास पावलांवर टेकाडाच्या आडोशाला बसायचं, वहीत वेळ टिपायची, भाकरी खायची. तू एकदा येऊन म्हणालास, "बापू, तुमची वरात लई झाली. रोज एकाच वाटंनं येताय. कुत्री पाठी लागत्यात." मी तुझ्याकडे रोखून पाहिलं. त्याच आठवड्यात तुझी दोन कोकरं लांडग्याने नेली होती. मला वाटलं, हा आम्हाला इथून हलवू बघतोय. तू गेल्यावर मी वहीत लिहिलं, 'ज्ञानू अस्वस्थ. लक्ष ठेवणे.' तुझ्यावर, ज्ञानू. सातवीपर्यंत ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्याच्यावर.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी जगाला कसं सांगितलं ते एकदा लिहू दे. वीस जानेवारीला सकाळी मी एकटा बिळावर गेलो. बिळाच्या तोंडात बाभळीच्या काट्या गच्च खोचलेल्या. फांद्यांवरचे कुऱ्हाडीचे घाव डाव्या हाताचे. गावात डावखुरा धनगर एकच. मी वनरक्षकाला घेऊन आलो, तर दोन पिल्लं मेलेली, मानेवर कुत्र्याच्या दातांच्या खुणा. मी सगळं जोडलं: कोकरं गेल्याचा राग, आम्हाला हलवायची घाई, तुझी कळपाची कुत्री, डाव्या हाताचे घाव. आधी कुत्री सोडली, मग तोंड बुजवलं. पुस्तकातल्यासारखं जुळलं. इतकं नीट जुळलं होतं की तिथेच मला शंका यायला हवी होती.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. झेंड्याखाली मी उभा आणि समोर सगळं गाव. मी म्हणालो की माळाचा शत्रू बाहेरून येत नाही, तो आपल्यातच काठी टेकून बसलेला असतो. मग तुझ्याकडे हात करून विचारलं, "ज्ञानोबा, काट्या तू लावल्यास की नाही?" तू उठलास. डोक्याचा पटका काढून हातात घेतलास. म्हणालास, "व्हय. म्या लावल्या. पन..." आणि टाळ्या पडल्या. मी हात वर करून त्या थांबवू शकलो असतो. वीस वर्षं मी टाळ्या उठवतोय आणि थांबवतोय, तेवढं मला जमतं. मी थांबवल्या नाहीत. तू थोडा वेळ तोंड उघडं ठेवून उभा राहिलास, मग पटका बांधलास आणि निघून गेलास. महिनाभरात तुझ्यावर पिल्लं मारल्याची केस उभी राहिली, तुझी मेंढरं विकली गेली, आणि तू रांजणगावच्या कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली खोकी उचलायला लागलास. ज्याने आयुष्यात छपराखाली दिवस काढला नव्हता तो माणूस.

आता ह्या हिवाळ्याची गोष्ट. चार वर्षांनी त्याच ओढ्याला, थोडं वरच्या अंगाला, लांडगीने पुन्हा बीळ धरलं. पंधरा दिवसांपूर्वी मी तिथे गेलो तर तोंडात काट्या. तू रांजणगावला, मग हे कुणी केलं? तुझ्या आईशिवाय, बानूमावशीशिवाय, धनगरवाड्यात माळावर येणारं आता कुणी उरलेलं नाही. माझं डोकं लगेच पळालं: म्हातारी सूड घेतेय, लेकाचा सूड लांडगीवर. ह्या वेळी पुरावा हातात ठेवायचा म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कॅमेरा घेऊन गवतात पालथा पडून राहिलो.

बानूमावशी आली. डोईवर काट्यांचा भारा नव्हता, बेळक्याच्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या, लांब काठीने एक-एक फांदी ढकलत आणत होती. सत्तरीची बाई. फांदी बिळाच्या तोंडाला लावायची, वाकून मागल्या बाजूला बघायचं, पुन्हा लावायची. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात ती मान न वळवता म्हणाली, "कोन हाय रं तिकडं पालथं? उठ की. इच्चू चावंल." मी उठलो. "बापू व्हय? मला वाटलं तरस हाय."

मी ताठ आवाजात विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, "दिसत न्हाई? काट्या लावतीया." म्हटलं, पिल्लं आत कोंडून मरतील. तर माझ्याकडे अशी बघत राहिली जसं काही मी भाकरी कशाची करतात ते विचारलंय. मग हाताला धरून तिने मला दगडाच्या मागे नेलं. तिथे एक फट होती, गवताखाली, अंग चोरून जाता येईल एवढी. फटीच्या कडेला केस लागलेले. "लांडगी हितनं जाती-येती. कुत्र्याला ही वाट ठावं नसती. कुत्रं माणसाच्या पायवाटंनं येतं, म्होरल्या तोंडानं. तितं काटा टोचला की माघारी फिरतं." मी म्हटलं, मावशी, ही लांडगी तुमची कोकरं नेते आणि तुम्ही तिच्या दाराची राखण करता? "नेती तर. तिलाबी पोरं हायती. वर्साला एखादं कोकरू तिचं, त्ये आमी धरूनच चालतो. बाळंतीण ती बाळंतीण, बापू. तिच्या दाराला काटी लावायचीच."

आणि तेव्हा मला तुझं खोपट दिसलं. तुझी पूनम झाली त्या वेळी मी पेढे घेऊन आलो होतो. दाराला दोन्ही अंगांनी बाभळीच्या काट्या लावल्या होत्या, मधून एक माणूस वाकून जाईल एवढीच जागा. मी विचारलं होतं, हे काय? तू म्हणालास, "बाळंतिणीचं दार हाय. वाइटवंगाळ आत येऊ ने." आठ दिवसांत रांजणगावला माझं अंधश्रद्धेवर भाषण होतं, त्यात मी ह्याच काट्यांवर लोकांना पोट धरून हसवलं. ज्ञानू, मी त्या काट्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांच्यामधून वाकून आत जाऊन तुझी लेक मांडीवर घेतली होती. आणि सात वर्षांनी त्याच काट्या लांडगीच्या दाराला पाहिल्या तेव्हा मला त्यात फक्त गुन्हा दिसला. न बघता शिक्का मारणाऱ्यांवर मी भाषणं करत होतो.

मी मावशीला विचारलं, मग ज्ञानूने ग्रामसभेत हे सांगितलं का नाही? ती म्हणाली, "सांगत हुता की. तुज्या टाळ्यांत कुनाला ऐकू येतंय?" म्हटलं, नंतर? वकिलाला, पोलिसांना? ती बेळक्याचं टोक दगडावर घासू लागली. मग म्हणाली, "नंतर सांगायचं म्हंजी काट्या कुनी काढल्या त्येबी सांगाय लागलं असतं. त्यो वरल्या टेकाडावर हुता मेंढरं घिऊन. समदं बघितलं त्यानं. वरडला, धावला. खाली येस्तवर व्हायचं ते झालं हुतं. मला म्हनला, आये, बापूचं नाव ह्या माळावर झालंय, ते माळावरच कशाला मोडू." एवढं बोलून ती शेळ्यांकडे गेली. मला ना पाणी विचारलं, ना शिवी दिली.

आणि माझी जात बघ. वाटेने येताना मी तिच्यावरही संशयच घेतला. म्हातारी लेकाला वाचवायला गोष्ट रचतेय, धनगराची बाई हुशार असते, कोर्टाची तारीख जवळ आली म्हणून मला नरम करतेय. तिला खोटं पाडायचं म्हणून मी वाचनालयात जाऊन दोन हजार सालची निरीक्षणाची वही काढली. मी वेळा चोख टिपतो, हा माझा गर्व. वीस जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'सकाळी ७.१०. बिळाच्या तोंडातून काट्या उपसून काढल्या. आत हालचाल नाही. काळ्या सोबत. वनरक्षकाकडे निघालो. १०.०५ परत. दोन पिल्लं तोंडाशी मृत. अंग कोमट.'

वाचनालयाच्या पायरीवर बसणारा काळ्या तुला आठवत असेल. मीच त्याला भाकरी घालायचो. निरीक्षणाला निघालो की तो माझ्या मागे यायचा, आणि त्याच्या मागे गावातली बाकीची दोन-तीन. टेकाडाच्या आडोशाला आम्ही भाकरी खायचो, तुकडे पडायचे, कुत्र्यांना वाट पाठ झाली. तू हेच सांगायला आला होतास. त्या सकाळी मी दोन्ही हातांनी काट्या ओढून काढल्या, हात रक्तबंबाळ झाले, आणि त्या रक्ताचा मला केवढा अभिमान वाटला होता! बिळात डोकावलो. अंधार, आवाज नाही. घाबरलेली पिल्लं आवाज करत नाहीत हे मी तीन पुस्तकांत वाचलंय. मी समजलो, मेलेली आहेत. दार सताड उघडं टाकून मी गावाकडे धावत सुटलो, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं होतं की काळ्या मागे नाही. लक्षात आलं होतं, ज्ञानू. तेवढंच लक्षात आलं आणि मी पुढे धावलो.

परत आल्यावर वनरक्षकाने पिल्लाच्या पोटाला हात लावला आणि म्हणाला, "अजून गार पडलं न्हाई, बापूसाहेब." मी ते वहीत टिपलं आणि पान उलटलं. त्याने बाजूला पडलेल्या काट्या दाखवून विचारलं, "ह्या कुठं होत्या?" मी म्हणालो, बिळाच्या तोंडात. त्याने पंचनाम्यात तसं लिहिलं. त्या कधी काढल्या, कुणी काढल्या, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या जबाबात एकही शब्द खोटा नाही. चार वर्षं मी त्याच्याच भरवशावर निवांत झोपलो. ज्या माणसाने वनरक्षकापासून तुझ्या आईपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, त्याने स्वतःची वही चार वर्षं उघडली नाही. का उघडली नाही, ते तू ओळखशील. मला वाटतं मला आत कुठेतरी माहीत होतं. काळ्या गेल्या श्रावणात पायरीवरच मेला. मी त्याला वाचनालयामागे पुरलं, आणि घरी येऊन इतका रडलो की बायकोने विचारलं, कुत्र्यासाठी एवढं? तिला काय सांगणार होतो!

ही वही मी मंडळाच्या बैठकीत ठेवली. मग एक जण म्हणाला, अभयारण्याच्या प्रस्तावात ती केस 'शिकारीचा धोका' म्हणून जोडलेली आहे, आता हे बाहेर काढलं तर प्रस्ताव पडेल. दुसरा म्हणाला, बापूसाहेब, पिल्लं तर मेलीच, आता माणूस कशाला बुडवायचा? तो 'माणूस' म्हणजे मी. तुझा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. मी त्यांना विचारलं, धनगराच्या काटीशिवाय हे अभयारण्य राखणार कोण, आपण भाकरी खात बसणारे? टाळ्या पडल्या नाहीत. वही मी घरी आणून उशाखाली ठेवली आहे. ज्यांच्याबरोबर सात वर्षं पाण्याची पिंपं वाहिली, त्यांच्याही हाती ती द्यायला मला भीती वाटते.

आता हे पत्र का लिहितोय ते. पप्पूने परवा सांगितलं की तारखांना कंटाळून तू आठ मार्चला गुन्हा कबूल करणार आहेस. वकील म्हणतोय, कबूल कर, शिक्षा कमीत कमी मागू, एकदाचं संपेल. ज्ञानू, तू कबूल केलंस की साक्षी होत नाहीत. मग मला साक्षीच्या पिंजऱ्यात कुणी बोलावणार नाही, माझी वही कुणी उघडणार नाही, आणि तू माझ्या चुकीसाठी तुरुंगात जाशील. मी जबाब बदलायचा अर्ज घेऊन कोर्टात गेलो होतो, तिथे सांगितलं की जे काय असेल ते साक्षीत सांगा. तेव्हा माझं तोंड उघडणं आता तुझ्या हातात आहे. माफी मागत नाही, ती ग्रामसभेतच, त्याच झेंड्याखाली मागेन, आणि त्या वेळी कुणाला टाळी वाजवू देणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव असंही म्हणत नाही. वहीच्या त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे, वेळा तपासून घे, वकिलालाही दाखव. फक्त एक काम कर. सोमवारी आठ तारखेला दौंडच्या कोर्टात जज्जसाहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का, तेव्हा 'न्हाई' म्हण. मग पटका हातात घेऊन उभा राहा, आणि चार वर्षांपूर्वी 'पन' म्हणून जिथे थांबलास, तिथून पुढचं सगळं बोल.

तुझाच,
बापू